लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी : औषध तेच, मग इंजेक्शन वेगळे का?

२०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांचे नातेवाईक ‘लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी’साठी वणवण फिरत होते. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त असताना हे महागडे कशाला, असे नातेवाईक आजही विचारतात.

औषध दोन्हींत एकच आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्याला चिकटून आवरणाला छिद्रे पाडते. आपल्या पेशींत त्याच्याशी मिळतेजुळते कोलेस्टेरॉल असते, म्हणून थोडा मार आपल्यालाही बसतो, विशेषतः मूत्रपिंडांना.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थांची १०० नॅनोमीटरहून लहान पोकळ गोळी. केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या शेजारी शेजारी मावतील. औषध तिच्या भिंतीत घट्ट बसवलेले असते. बुरशीला भिडल्यावर ते तिच्यात उतरते. रक्तात मोकळे औषध कमी राहिल्याने मूत्रपिंडांना त्रास कमी होतो. कमी होतो, टळत नाही. म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियमच्या तपासण्या वारंवार कराव्याच लागतात.

बऱ्याच गोळ्या यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. पेशीचे आवरण गोळीभोवती गुंडाळले जाते, तिची पिशवी होऊन आत ओढली जाते आणि आतले पाचक रस स्निग्ध आवरण विरघळवून औषध मोकळे करतात. काळा आजार (हा वेगळाच रोग, काळी बुरशी नव्हे) घडवणारा परजीवी याच पेशींत लपून राहतो. त्यामुळे तिथे हे गिळणे पथ्यावरच पडते. त्या आजारात किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस भारतात वापरला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही दोन इंजेक्शने एकमेकांऐवजी चालत नाहीत. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्युकरमध्ये लायपोसोमल ५ किंवा अधिक. लायपोसोमलच्या मापाने साधे दिले गेले तर हृदय बंद पडू शकते. इंजेक्शन तुम्ही स्वतः बाहेरून आणत असाल तर खोक्यावरचे पूर्ण नाव चिठ्ठीशी ताडून पाहा, आणि दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हटले तरी वॉर्डातील डॉक्टरांना दाखवा.

मधुमेही रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावलेली पाहून घरचे घाबरतात. हे औषध मिठाच्या सलाइनमध्ये मिसळता येत नाही, म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरतात. साखर वाढलीच तर इन्शुलिनचा डोस त्यानुसार बदलता येतो.