वेताळाला गोवर झाला?

सुट्टीत आलेली माझी भाची दुपारी झोपत नाही आणि दुसऱ्या कुणाला झोपूही देत नाही. शेवटी मी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली, तिच्यापुढे ठेवली, वर माझं भिंग दिलं आणि कूस बदलली. ट्रंकेत माझी जुनी कॉमिक्स आहेत. काही मी लहानपणी जमवलेली, बरीचशी मोठेपणी रद्दीच्या दुकानांत आणि फुटपाथवर उकिडवं बसून शोधलेली.

पाच मिनिटं अगदी शांतता. मग किंकाळी.

"मामा! याला गोवर झालाय!"

"कुणाला?"

"या बुरखेवाल्याला!"

बुरखेवाला म्हणजे वेताळ. जगभर त्याला फँटम म्हणतात. 1964 साली मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स निघायला लागली, पुढे ती मराठीतही आली, आणि आमच्या पिढीसाठी फँटमचा वेताळ झाला. जंगलातला, कवटीच्या गुहेत राहणारा, घट्ट कपडे आणि डोळ्यांवर पट्टी असलेला. त्याच्या गालावर भिंग धरलं की खरंच गुलाबी पुरळ दिसतं. ठिपकेच ठिपके, आणि तेही शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे रांगेत.

झोप गेलीच होती. मी उठून बसलो.

तर गंमत अशी, की वेताळाच्या गालाला लावलेली गव्हाळ-गुलाबी शाई छापखान्यात नसतेच. छापखान्यात शाया असतात चार. पिवळी, सायन म्हणजे आकाशी निळी, मॅजेंटा म्हणजे राणी कलरच्या जवळची गुलाबी, आणि काळी. एवढ्या चौघींत सगळं जंगल, सगळे वाघ आणि सगळे दरोडेखोर भागवायचे. गुलाबी ठिपके पांढऱ्या कागदावर लांब लांब टाकले की फिकट गुलाबी दिसतं. त्यांत थोडे पिवळे मिसळले की गालाचा रंग. पिवळ्यावर निळे टाकले की झाडाची पानं.

जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये तर हिशेब अगदी पाढ्यासारखा होता. काळी शाई फक्त रेघांना आणि अक्षरांना. उरलेल्या तिघींपैकी प्रत्येकीला चारच परवानग्या: अजिबात नाही, पाव, अर्धी किंवा पूर्ण. म्हणजे 4 गुणिले 4 गुणिले 4. किती झाले? 64. त्यातला एक कोरा पांढरा कागद. तुमच्या मोठ्या रंगपेटीत कदाचित याहून जास्त खडू असतील.

"पण लांबून बघितलं की ठिपके दिसत नाहीत," भाची म्हणाली.

"मासिक भिंतीला टेकवून ठेव आणि मागे मागे ये."

डोळ्याची एक हद्द असते. एक मीटर अंतरावरून बघताना दोन ठिपक्यांमध्ये साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल, तर डोळा हात टेकतो आणि दोघांना एकच समजतो. स्वस्त छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या 60-65 रांगा असायच्या, म्हणजे दोन ठिपक्यांत अंदाजे 0.4 मिलिमीटर. पुस्तक हातात असताना चांगल्या नजरेच्या मुलांना ते ओळखू येतात. दीड मीटर मागे गेलं की गोवर बरा होतो. भाचीचा तो दाराच्या उंबऱ्यापाशी बरा झाला. माझा पलंगापाशीच, कारण माझा चष्मा ट्रंकेवर राहिला होता.

आणखी एक बारकावा बघा. चारही रंगांच्या रांगा एकाच दिशेने जात नाहीत, एकमेकींना तिरक्या असतात. का? दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून पाहा. एक जराशी हलवली की लाटा दिसायला लागतात ना? तशा लाटा वेताळाच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून हे कोन नीट मोजून ठरवलेले असतात.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हल्क हिरवा का असतो?

"गॅमा किरणांमुळे," भाचीने पटकन सांगितलं. सिनेमा पाहिलेला.

चूक! छापखान्यामुळे. 1962 साली हल्कचा पहिला अंक आला, स्टॅन ली यांनी लिहिलेला आणि जॅक कर्बी यांनी काढलेला. त्यात हल्क राखाडी आहे. ली यांना तो तसाच हवा होता. पण अंक छापून आला तेव्हा हल्क एका पानावर फिका, दुसऱ्यावर गडद, मध्येच हिरवट झाक मारणारा. दुसऱ्या अंकापासून त्याला सरळ हिरवा करून टाकला.

राखाडीने एवढा घोळ का घातला? कारण काळी शाई रेघांत अडकलेली, म्हणून राखाडी बनवायचा तर पिवळी, निळी आणि गुलाबी तिघी तोलून घालायच्या. तिघींची ताकद सारखी राहिली तरच राखाडी. यंत्राने गुलाबी चिमूटभर जास्त सोडली की अंगावर लाली, पिवळी-निळी जास्त झाली की शेवाळं. हिरव्याचं तसं नाही. पिवळी जरा वाढली तर पोपटी, निळी वाढली तर गर्द, पण हिरवा तो हिरवाच. राखाडी म्हणजे आईच्या हातचा पाक, एका तारेचा दोन तारी झाला की लाडूची वाट लागली. हिरवा म्हणजे खिचडी. पाणी थोडं कमी-जास्त झालं तरी जेवता येतं.

आणि आता हा आपला गोवरवाला. वेताळाची गोष्ट ली फॉक यांनी 1936 मध्ये वर्तमानपत्रात सुरू केली, काळ्यापांढऱ्या चित्रांची. त्यांच्या मनात वेताळाचे कपडेही राखाडीच होते! 1939 मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली आणि छापून आला तो जांभळा वेताळ. तोच कायम झाला. इटलीत त्याला लाल कपडे मिळाले, स्वीडनमध्ये निळे. जंगलात लपून राहणाऱ्या माणसाने जांभळं किंवा लाल घालू नये हे मलाही कळतं, पण छापखान्यापुढे भुताचंही चालत नाही.

कृष्णाचं काय, असं भाचीने विचारलं. चांगला प्रश्न. ट्रंकेत अमर चित्र कथाही आहेत. 1967 मध्ये अनंत पै यांनी मुंबईत ही मालिका सुरू केली. त्यांचा 'कृष्ण' राम वाईरकर यांनी काढला. हेच वाईरकर पुढे 'टिंकल'मधला सुप्पांडी काढायचे, म्हणजे एकाच हातातून बाळकृष्णही आला आणि तो वेंधळा नोकरही. तुमच्या घरी अंक असेल तर निळ्या कृष्णाच्या दंडावर भिंग धरा आणि कोणत्या शाईचे किती ठिपके सापडतात ते स्वतः मोजा. मी सांगत नाही.

पण एक सांगतो, रंग झाकून फक्त काळ्या रेघा बघायची सवय लावून घ्या. रंग यंत्राच्या मर्जीने येतो, रेघ चित्रकाराच्या मनगटातून येते. ब्रशने ओढलेली रेघ कुठे जाड होते, कुठे केसासारखी संपते, त्यावरून कापड सुती आहे की रेशमी हे कळतं. छपाईच्या वेळी कागद जरासा सरकला तर गुलाबी रंग ओठांच्या रेघेबाहेर पडतो आणि राजकन्येने बसमध्ये लिपस्टिक लावल्यासारखी दिसते. माझ्याकडे असा एक अंक आहे. बिनचूक छापलेल्या दहा अंकांच्या बदल्यात मी तो देणार नाही.

"आणि पानं अशी चहात बुडवल्यासारखी का?"

हे झाडाचं काम. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो तंतूंना एकमेकांशी जखडतो, म्हणून झाड ताठ उभं राहतं. स्वस्त कागद करताना लाकूड नुसतं भरडतात, त्यामुळे लिग्निन कागदात तसाच राहतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याला पिवळा करतात. कागदातलं आम्ल वर्षानुवर्षं तंतू तोडत राहतं आणि एक दिवस पान पापडासारखं मोडतं. खोटं वाटत असेल तर आजच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक नाणं ठेवा आणि गच्चीत कडक उन्हात तसंच राहू द्या. (पावसाळ्यात हा प्रयोग केलात तर लगदा मिळेल.) काही दिवसांनी नाणं उचला, खाली पांढरा गोल सापडेल.

जुन्या पुस्तकाला एक गोडसर वास येतो ना? कागद झिजताना त्यातून कितीतरी पदार्थ हवेत उडतात, आणि त्यांत व्हॅनिलीनही असतं, व्हॅनिला आइस्क्रीमला वास देणारं. म्हणजे जुनं कॉमिक हुंगणं म्हणजे ते हळूहळू संपताना हुंगणं. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस ट्रंक उघडवेना. तिसऱ्या दिवशी उघडली आणि हुंगली.

असं संपतं म्हणूनच जुनी कॉमिक्स दुर्मीळ होतात. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो 1938 चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. किंमत 10 सेंट. मुलांनी वाचला, आयांनी टाकला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघर रद्दी गोळा झाली तेव्हा अशी ढीगभर कॉमिक्स लगद्यात गेली. त्याच अंकाची एक वाचलेली प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरला विकली गेली. आईला हे सांगून पसारा आवरायचं टाळू नका. मी प्रयत्न केला होता.

माझा एक गुन्हा कबूल करतो. अकरा वर्षांचा असताना मी वेताळाचं फाटलेलं मुखपृष्ठ सेलोटेपने चिकटवलं आणि फार हुशारी केली असं मला वाटलं. आज टेप गळून पडलीय, पण तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरलाय, आणि वेताळाच्या छातीवर कायमचा पट्टा उमटलाय. फाटलं तर फाटलेलंच राहू द्या. ऊन आणि ओल दोन्हींपासून लांब ठेवा, नाहीतर पिना गंजतात आणि कसर लागते. पावसाळ्यानंतर मी सगळे अंक बाहेर काढतो, सावलीत पसरतो, ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो. आजी पैठणीला करायची तेच.

एवढं बोलून मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर भाची गायब, भिंग गायब. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. बिस्किटाच्या पुड्यावर गोवर. दिनदर्शिकेवरच्या गणपतीला गोवर. मसाल्याच्या पाकिटावरच्या मिरच्यांना गोवर. मग ती खुंटीवरच्या माझ्या शर्टाकडे वळली आणि खिशातली शंभराची नोट काढली, नवी, वेताळाच्या कपड्यांची बहीण शोभेल अशी जांभळट. बराच वेळ आवाज नाही.

"मामा, गांधीजींना गोवर नाही. बारीक बारीक रेघाच आहेत."

"अजून जवळून बघ."

"रेघा... आणि... थांब." तिचं नाक नोटेला टेकलं होतं. "मामा! इथे मुंगीएवढ्या अक्षरांत 'भारत' लिहिलंय!"