वाहती धार आणि स्थिर विद्युत्

अकलूज हे गाव नीरेच्या काठी असले तरी प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. माघ-फाल्गुनात तेथील दुपारची हवा पुष्कळ कोरडी असते. अशा वेळी कोरड्या केसांवरून फिरविलेला प्लास्टिकचा कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला असता धार त्याच्याकडे स्पष्टपणे वळते. पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो. कंगव्यावर साचणाऱ्या ओलाव्यावाटे विद्युद्भार निघून जातो.

धार वळते ती कशामुळे? पाण्याचे रेणू ध्रुवीय असल्यामुळे ते कंगव्याकडे ओढले जातात, असे उत्तर पुष्कळदा शिकविले जाते. ते सोपे आहे, पण बरोबर नव्हे. रेणूच्या दोन टोकांवरील भार समान व विरुद्ध असतात. एकाचे आकर्षण दुसऱ्याच्या अपसारणाने जवळजवळ फिटते आणि शेष बल अत्यल्प उरते. खरे कारण प्रवर्तन हे होय. नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे ते विद्युद्वाहक असते. ऋणभारित कंगवा जवळ येताच नळाकडून धनभार धारेत ओढला जातो, आणि धार तुटून थेंब होताना तो थेंबांत अडकतो. आकर्षण घडते ते या भारामुळे. झियाई-मोअय्यद, गुडमन आणि विल्यम्स यांनी सन २००० मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिले. वास्तविक, याच प्रवर्तनाच्या आधारे लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६७ सालीच पाण्याच्या दोन धारांपासून ठिणग्या पाडणारे यंत्र रचिले होते! तरीही जुने उत्तर वर्गांतून अद्याप गेलेले नाही.

कंगवा नसतानाही धार भारित होऊ शकते. पेट्रोल नळीतून वाहताना नळीच्या पृष्ठभागाशी भार विलग होतो, आणि पेट्रोल अतिशय मंदवाहक असल्याने तो लवकर निचरत नाही. प्लास्टिकच्या डब्यात तर त्याला वाटच नसते. अकलूजच्या सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत बनणाऱ्या मद्यार्काची वाहकता पेट्रोलच्या हजारो पट असते. म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोलातील भार अधिक लवकर ओसरतो; बाष्प मात्र दोन्हींचे ज्वालाग्राही असते. यास्तव इंधन धातूच्याच मान्य डब्यात, तो जमिनीवर ठेवून, नळीचे तोंड त्याच्या काठास टेकवून आणि सावकाश भरावे. दुचाकीवर डबा मांडीत धरून पेट्रोल घेण्याची रीत कोरड्या हंगामात विशेष धोक्याची आहे.