मानेवरचा काळपट पट्टा मळ नसतो! मुलांमधील इन्सुलिन प्रतिरोध आणि साध्या रक्तचाचण्या



आधी एक कबुली देतो. आठवीच्या वर्गात एक गुबगुबीत मुलगा होता. त्याच्या मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा दिसायचा. मी त्याला वर्गासमोर म्हणालो, "अरे, मान तरी घासत जा!" पोरगं खाली मान घालून बसलं. नंतर त्याची आई म्हणाली, "सर, रोज घासते हो, जातच नाही." तो मळ नव्हताच. अशा खुणेला डॉक्टर 'ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स' म्हणतात. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये ती बहुतेक वेळा इन्सुलिन प्रतिरोधाची खूण असते.

इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे काय?

आपल्याच भाषेत सांगतो. एका हाकेत वर्ग शांत झाला तर ठीक. पण त्याच शांततेसाठी पाच हाका माराव्या लागल्या तर? बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना वर्ग शांतच दिसतो, घसा मात्र आपला बसतो. शरीरातही तसंच होतं. स्नायू आणि यकृत इन्सुलिनची 'हाक' नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. साखर नॉर्मल दिसते आणि आपण निश्चिंत होतो. स्वादुपिंड थकलं की मगच साखर वाढते.

कोणत्या चाचण्या?

अचूक मोजमापाची 'क्लॅम्प' पद्धत आहे, पण त्यात तासन्‌तास सलाईन लावून बसावं लागतं. ती संशोधनासाठी ठीक. रोजच्या व्यवहारात अंदाजासाठी दोन सोपी गणितं वापरतात.

1) होमा-आयआर (1985 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलेलं सूत्र) : उपाशीपोटी साखर × उपाशीपोटी इन्सुलिन ÷ 405

समजा, दोन मुलांची साखर सारखीच, 92 आहे. पहिल्याचं इन्सुलिन 8, दुसऱ्याचं 22.
पहिला : 92 × 8 ÷ 405 = 1.8
दुसरा : 92 × 22 ÷ 405 = 5.0
साखरेच्या रिपोर्टमध्ये दोघे सारखेच, पण दुसऱ्याचं शरीर जवळपास तिप्पट हाका मारतंय!

2) ट्रायग्लिसराइड ÷ एचडीएल : हे दोन्ही आकडे नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्येच मिळतात, इन्सुलिनची वेगळी चाचणी लागत नाही. उदा. 140 ÷ 35 = 4. हा भागाकार जितका मोठा, तितकी शंका जास्त.

रिपोर्ट वाचताना होणाऱ्या चुका

• रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बऱ्याचदा मोठ्यांची असते. ट्रायग्लिसराइड मोठ्यांना 150 पर्यंत चालतं. 10 ते 19 वयोगटात मात्र 90 पेक्षा कमी चांगलं आणि 130 पासून पुढे जास्त धरतात.
• वयात येताना इन्सुलिनचा परिणाम सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो आणि नंतर सावरतो. म्हणून तेराव्या वर्षी आकडा थोडा वाढला की लगेच आजार समजू नका. सर्व मुलांना लागू होईल अशी एकच सीमारेषा नाही.
• सकाळचा चहा-बिस्कीट झाला असेल तर ती चाचणी उपाशीपोटी नाही!

'आमचा तर बारीक आहे'

असं म्हणणाऱ्या पालकांनी आपल्या पुण्याचं उदाहरण पाहावं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढे 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3 होता, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, मानेवर पट्टा असेल किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्या संभाजीनगरात घाटी रुग्णालयातही बालरोग विभाग आहे. कोणत्या चाचण्या करायच्या, ते डॉक्टर ठरवतील. आकडा पाहून स्वतःच औषध सुरू करू नका.

आपण काय करू शकतो?

धावणारा स्नायू कमी इन्सुलिनमध्येही साखर उचलतो. म्हणून अभ्यासक्रम राहिला म्हणून पी.टी.चा तास गणिताला घेणं थांबवूया. (मीही घेतलेत!) डब्यात वेफर्सऐवजी भाकरी-उसळ, शेंगदाणे द्या. रात्रीची झोप पूर्ण होऊ द्या. जेवणातला बदल सगळ्या घरासाठी करा, एकट्या मुलासाठी नको.

आणि कुणालाही 'जाड्या' म्हणू नका. मानेवर पट्टा दिसला तर वर्गासमोर बोलू नका, मधल्या सुट्टीत आईवडिलांना फोन करा. मी त्या मुलाची माफी मागितली, पण ते वाक्य त्याने चाळीस मुलांसमोर ऐकलं होतं.