व्हायरल तापावर 'स्ट्राँग' गोळी

ऋतू पालटला की घरोघरी ताप-खोकला येतो आणि मेडिकलच्या काउंटरवर तेच वाक्य ऐकू येतं: "व्हायरल आहे, एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्या." मागणारा मागतो, देणारा देतो, तीन गोळ्यांची पट्टी पिशवीत पडते. पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, एवढंच ती सांगत असते. तिच्याकडे बघतो कोण?

अँटिबायोटिक काम कसं करतं, ते आधी बघू. अमॉक्सिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिनं बनणं थांबवतं. विषाणूकडे यातलं काय आहे? पेशीभित्तिका नाही, रायबोसोम नाही, मुळात पेशीच नाही. डीएनए किंवा आरएनए, त्याभोवती प्रथिनांचं कवच, काहींना वरून मेदाचं आवरण, एवढाच संसार. वाढायला तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो. घरात नळच नसेल तर प्लंबर कितीही नावाजलेला आणा, तो दुरुस्त काय करणार?

"पण मला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं ना!" वाटणारच. साधा व्हायरल ताप बहुधा काही दिवसांत आपसूक उतरतो आणि श्रेय गोळी खाते. तरी शंका असेल तर कोविडचा दाखला घ्या. तेव्हा अझिथ्रोमायसिन सर्रास दिलं गेलं. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत इस्पितळात दाखल झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले: २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण गोळी घेतलेल्यांत २२ टक्के, न घेतलेल्यांतही २२ टक्के. आपल्या आयसीएमआरनेही २०२२ मध्ये किरकोळ ताप आणि विषाणूजन्य ब्राँकायटिससाठी अँटिबायोटिक टाळायला सांगितलं आहे.

कफ हिरवट-पिवळा झाला म्हणजे जिवाणूच, हाही पुरावा नव्हे. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो. फ्लूच्या पाठोपाठ कधीकधी जिवाणूंचा न्यूमोनिया होतो आणि तेव्हा अँटिबायोटिक लागतंच, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. उगाच घेतलेली गोळी विषाणूला हात लावत नाही. पोटातले उपयोगी जिवाणू मात्र मारते आणि चिवट जिवाणूंना मोकळं रान देते.

आता इतर गैरसमज, थोडक्यात.

विषाणूपेक्षा साधं रोगकारक नसतं: असतं. थिओडोर डीनर यांनी १९७१ मध्ये बटाट्यात शोधलेला व्हायरॉइड म्हणजे ३५९ घटकांचं नुसतं आरएनए, कवचसुद्धा नाही. त्याच्या भाईबंदाने फिलिपिन्समधल्या नारळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या.

उकळलं की सगळं निर्जंतुक होतं: प्रायॉन होत नाही. ते चुकीची घडी पडलेलं प्रथिन. त्यात डीएनए नाही, आरएनएही नाही. स्टॅन्ले प्रुसिनर यांना या शोधासाठी १९९७ चं नोबेल मिळालं.

सगळे विषाणू माणसाचे वैरी: बॅक्टेरिओफाज फक्त जिवाणूंवर हल्ला करतात.

सॅनिटायझर प्रत्येक विषाणूवर चालतं: मेदाचं आवरण नसलेल्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा प्रभाव कमी पडतो. साबण लावून हात धुवा.

विषाणूंवर औषधच नाही: नागिणीवर असायक्लोव्हिर आहे, फ्लूवर ओसेल्टामिव्हिर आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्याने ज्यासाठी धावाधाव केली ते टॅमिफ्लू हेच. मात्र प्रत्येक औषध ठरावीक विषाणूंपुरतं. फ्लूचं औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं, आणि नेमके तेच दोन दिवस आपण भलत्याच गोळ्या गिळण्यात घालवतो.