मान, माप आणि मोजपात्र : विज्ञानाच्या तासाचा विसरलेला पाठ

शाळेच्या प्रयोगशाळेतील पहिला तास आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. शिक्षक टेबलावर चंचुपात्र, मोजपात्र, परीक्षानळी, नरसाळे, तापमापी व तराजू मांडून ठेवीत आणि प्रत्येकाचे नाव व उपयोग वहीत लिहावयास सांगत. मोजपात्रातील पाण्याची पातळी वाचताना डोळा त्या पातळीला आणावा, वजनाबरोबर एकक लिहावे, किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली हा क्रम पाठ करावा, एवढ्यावर तो तास संपत असे. पुढे आयुर्वेद महाविद्यालयात आपण मानपरिभाषा शिकलो. गुंजा, माषक, कर्ष, पल, कुडव, प्रस्थ ही मालिका मुखोद्गत केली. परंतु हे दोन पाठ बहुधा दोन निरनिराळ्या वह्यांतच राहिले. औषधिनिर्माण करताना मात्र दोन्हींची गरज एकाच वेळी पडते. त्या दोन वह्या एकत्र आणण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम स्वतःचीच एक चूक सांगतो. आमच्या घरी आजोबांच्या हातची पाठांची वही आहे. तीतील एका अवलेहात 'मध अर्धा शेर' असे लिहिले होते. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मी शेर म्हणजे लिटर असे गृहीत धरले व अर्ध्या लिटरच्या मापाने मध ओतला. अवलेह पातळ राहिला आणि काही दिवसांत बरणीत वर द्रव सुटला. मधात भेसळ असावी, असा संशय मी घेतला. दोष मधाचा नव्हता, मापाचा होता. वहीतील शेर हा वजनाचा, म्हणजे ८० तोळ्यांचा होता. त्या हिशेबाने अर्धा शेर म्हणजे सुमारे ४६७ ग्रॅम. अर्धा लिटर मधाचे वजन मात्र सुमारे ७०० ग्रॅम भरते. अर्थात पाठात सांगितलेल्या मधाच्या दीडपट मध मी घातला होता.

तोळा किती ग्रॅमचा?

हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे, परंतु त्याला आज तीन उत्तरे मिळतात. ब्रिटिश अमदानीतील प्रमाणित तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. सराफ बाजारात आज तोळा म्हणजे १० ग्रॅम असा व्यवहार रूढ आहे. भारत सरकारने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'च्या पहिल्या भागात तोळा, म्हणजेच कर्ष, १२ ग्रॅमचा धरला आहे.

भारतात दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ही पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली. म्हणून त्यापूर्वीच्या मराठी ग्रंथांतील व घरगुती वह्यांतील तोळा, शेर ही माने जुन्या व्यवहारातील समजावीत.

सर्व घटकद्रव्ये एकाच तोळ्याने मोजली तर परस्परप्रमाण बिघडत नाही, हे खरे. अडचण येते ती मिश्र व्यवहाराने. चूर्णे १० ग्रॅमच्या तोळ्याने, गूळ ४८ ग्रॅमच्या पलाने आणि द्रव लिटरने घेतला, तर ग्रंथोक्त पाठ केवळ नावापुरता उरतो. शिवाय मात्रेचा प्रश्न वेगळाच. १० ग्रॅमचा तोळा धरणारा वैद्य १२ ग्रॅमचा तोळा धरणाऱ्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी औषध देतो आणि चिठ्ठीवर दोघेही 'एक तोळा' असेच लिहितात.

कर्ष एक, माषक दोन

ग्रंथांतही एक सूक्ष्म भेद आहे. शार्ङ्गधराच्या मागधमानात ६ गुंजांचा १ माषक व १६ माषकांचा १ कर्ष होतो. व्यवहारात रूढ असलेल्या व फॉर्म्युलरीने स्वीकारलेल्या मालिकेत ८ गुंजांचा १ मासा व १२ माशांचा १ तोळा होतो. दोन्ही रीतींनी कर्ष ९६ गुंजांचाच भरतो. मात्र गुंजा १२५ मिलिग्रॅमची धरली, तर पहिला माषक ७५० मिलिग्रॅमचा आणि दुसरा १ ग्रॅमचा होतो. रसौषधीच्या मात्रेत हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्या ग्रंथातून पाठ घेतला त्याच ग्रंथाचे मान पाहिल्याशिवाय माशाचे ग्रॅम करू नयेत.

फॉर्म्युलरीतील नित्योपयोगी माने पुढीलप्रमाणे आहेत. हा तक्ता औषधिशाळेच्या भिंतीवर लावून ठेवावा.

१ गुंजा (रत्ती) = १२५ मिलिग्रॅम
८ गुंजा = १ मासा = १ ग्रॅम
१२ मासे = १ कर्ष (तोळा) = १२ ग्रॅम
४ कर्ष = १ पल = ४८ ग्रॅम
४ पल = १ कुडव = १९२ ग्रॅम
४ कुडव = १ प्रस्थ = ७६८ ग्रॅम
४ प्रस्थ = १ आढक = ३ किलो ७२ ग्रॅम
४ आढक = १ द्रोण = १२ किलो २८८ ग्रॅम
१०० पल = १ तुला = ४ किलो ८०० ग्रॅम

द्रवासाठी हेच आकडे मिलिलिटर व लिटरमध्ये घ्यावयाचे असतात. येथे द्रवद्वैगुण्याचा विचार उपस्थित होतो. शार्ङ्गधरमताने गुंजेपासून कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क द्रव्यांचे मान समान असते. प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावीत, मात्र तुलामानात द्विगुण करू नये. म्हणजे पाठात '४ द्रोण जल' असेल, तर द्विगुण न करता ते ४९.१५२ लिटर होते आणि द्विगुण केल्यास ९८.३०४ लिटर. कोणता अर्थ ग्राह्य धरावा हा शास्त्रचर्चेचा विषय आहे. परंतु आपण कोणता धरला, हे नोंदवहीत लिहून ठेवणे आणि प्रत्येक वेळी तोच धरणे, हे निर्मात्याचे कर्तव्य आहे.

वजन वेगळे, आकारमान वेगळे

विज्ञानाच्या तासाला ग्रॅम हे वस्तुमानाचे व मिलिलिटर हे आकारमानाचे एकक, असे शिकविले जाते. पाण्याच्या बाबतीत १ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम असल्यामुळे हा भेद आपल्या ध्यानातून निसटतो. १ लिटर तिळतेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम, तर १ लिटर मधाचे सुमारे १४०० ग्रॅम भरते. म्हणून तेल, तूप, मध व पाक यांचे माप पाठात वजनाने असेल तर ती द्रव्ये वजन करूनच घ्यावीत. चूर्णांची स्थिती याहून बिकट आहे. तेच चूर्ण भांड्यात सैल भरले तर कमी आणि ठोकून भरले तर अधिक मावते. पायली, मापटे, चिपटे ही धान्याची मापे आकारमानाची होती. औषधी द्रव्यांना ती लावू नयेत.

उपकरणे : नाव नव्हे, उपयोग

चंचुपात्र हे मिसळण्याचे व तापविण्याचे भांडे आहे. त्यावरील रेषा अंदाजापुरत्या असतात. द्रव मोजण्यासाठी मोजपात्रच वापरावे. ते सपाट पृष्ठभागावर ठेवावे, डोळा द्रवाच्या पातळीशी समांतर आणावा व पाण्यासारख्या पारदर्शक द्रवाच्या खोलगट पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू वाचावा. वरून पाहिल्यास किंवा खालून पाहिल्यास निरनिराळे आकडे दिसतात. क्वाथासारखा गडद द्रव असेल आणि खालचा बिंदू दिसत नसेल, तर वरची कड वाचावी व तशी नोंद करावी. १०० मिलिलिटरच्या मोजपात्राने ५ मिलिलिटर मोजू नयेत. लहान मापाला लहान मोजपात्र अथवा पिपेट घ्यावे. पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा. काचेच्या मोजपात्रावर तापमान छापलेले असते. त्यावरील खुणा त्या तापमानाला खऱ्या असतात. म्हणून उकळता क्वाथ त्यात ओतून मोजणे चुकीचे, आणि काच तडकण्याचा धोका वेगळाच.

क्वाथाचे उदाहरण घेऊ. १ पल, म्हणजे ४८ ग्रॅम भरड, १६ पट म्हणजे ७६८ मिलिलिटर पाणी, अष्टमांश शेष म्हणजे ९६ मिलिलिटर. अष्टमांश झाला हे उकळत्या भांड्यात ओळखावे कसे? आधी त्याच भांड्यात मोजपात्राने ९६ मिलिलिटर पाणी घालावे, स्टीलची पट्टी तळापर्यंत उभी धरून पातळीची खूण करावी आणि मग क्वाथ करताना त्याच पट्टीने पाहावे. क्वाथातील भरडीमुळे पातळी थोडी वर दिसते, म्हणून शेवटी गाळून, थंड करून मोजपात्राने खात्री करावी. मोठ्या कढईलाही हाच उपाय लागू पडतो. लिटर-लिटर पाणी मोजून घालावे व पट्टीवर खुणा कराव्यात. एक दिवसाचे हे काम पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते.

वजनकाट्याची मर्यादा

प्रत्येक उपकरणाचे एक लघुतम माप असते. त्याहून सूक्ष्म फरक ते दाखवू शकत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखविणाऱ्या काट्यावर १ गुंजा, म्हणजे ०.१२५ ग्रॅम भस्म ठेवले, तर आकडा ०.१२ किंवा ०.१३ दिसेल. शेवटच्या एका अंकाचा फरक येथे ८ टक्के होतो. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तर ही मात्रा मोजताच येणार नाही. अशा वेळी १०० मात्रांचे भस्म एकत्र, म्हणजे १२.५० ग्रॅम मोजावे. प्रथम तेवढ्याच अनुकूल चूर्णाबरोबर ते खलात मर्दन करावे, मग मिश्रणाइतकेच चूर्ण पुन्हा घालून मर्दन करावे आणि असे वाढवीत नेऊन ठरलेल्या वजनापर्यंत आणावे. नंतर त्या मिश्रणाच्या १०० समान पुड्या कराव्यात. एकदम सर्व चूर्ण ओतल्यास भस्म सारखे पसरत नाही. गुंजेच्या बियांनी वजन करण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी. दोन बिया समान वजनाच्या असतातच असे नाही, आणि गुंजा ही उपविषांत गणली जाते, हेही विसरू नये.

काटा पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, स्थिर ओट्यावर ठेवावा. रिकामे पात्र ठेवून शून्य करावे व रोज सकाळी एका प्रमाणित वजनाने तपासावा. व्यापारी व्यवहारातील काटे व वजने वैध मापन अधिनियम, २००९ नुसार पडताळणी करून मुद्रांकित असणे आवश्यक आहे.

याच काट्याच्या आधारे कच्च्या मालाची पहिली परीक्षा करता येते. भरडीचे १० ग्रॅम वजन करून १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ५ तास वाळवावे, शुष्क पात्रात थंड करून पुन्हा वजन करावे आणि वजन स्थिर होईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. ९.१ ग्रॅम राहिले, तर शुष्कनहानी ९ टक्के. ओलसर माल वजनात भरतो, औषधात भरत नाही. शिवाय त्याला बुरशीही लवकर धरते.

लिहिण्याची शिस्त

मोजणे बरोबर आणि लिहिणे चुकीचे, असेही घडते. दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे. '.५' यातील बिंदू पुसला की ५ होतात. पूर्णांकापुढे '.०' लिहू नये. मिलिग्रॅम व मिलिलिटर हे शब्द चिठ्ठीवर पूर्ण लिहावेत, 'मि.' एवढेच लिहून सोडू नये. मिलिग्रॅम आणि ग्रॅम यांत हजारपट अंतर आहे. रुग्णाला 'दोन चमचे' सांगताना ५ मिलिलिटरचे मापाचे झाकण द्यावे, कारण घरोघरचे चमचे निरनिराळे असतात.

औषध नियमांनुसार आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावरील वजन व माप दशमान पद्धतीतच द्यावे लागते. याच नियमांतील परिशिष्ट 'टी'मध्ये उत्तम निर्मितीचे निकष आहेत. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या वैद्यांना त्यांतून सूट आहे. परंतु नियमातून सूट मिळाली म्हणून मापातून सूट मिळत नाही. रुग्णाच्या शरीराला वेष्टन दिसत नाही, मात्रा कळते.

आपल्या आचार्यांनी त्रसरेणूपासून मानाची मालिका रचली, ती औषधाची मात्रा निश्चित व्हावी म्हणूनच. ती मालिका मोडीत काढण्याचे कारण नाही, आजच्या काट्यावर व मोजपात्रावर ती अचूक उतरविण्याचे कारण आहे. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी आपल्या पाठांच्या वह्या एकदा उघडाव्यात, प्रत्येक तोळ्यापुढे व शेरापुढे ग्रॅम लिहावेत, ते कोणत्या मानाने धरले हे समासात नोंदवावे आणि मगच पुढची भट्टी लावावी. आजोबांच्या वहीतील त्या अवलेहाच्या समासात मी आता 'अर्धा शेर = ४६७ ग्रॅम, वजनाने' असे लिहून ठेवले आहे. अवलेह तेव्हापासून पातळ झालेला नाही.