वयात येणं नेमकं कधी सुरू होतं?

मुलगी वयात आली, हे आपल्याकडे पहिल्या पाळीवरून ठरतं. पण पाळी येते तेव्हा निम्म्याहून अधिक वाट सरलेली असते. स्तनांची वाढ त्याआधी साधारण दोन-अडीच वर्षं सुरू झालेली असते आणि मेंदूतली हालचाल त्याच्याही आधी. हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या पेशी ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडू लागतात; त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि बीजकोशांना किंवा वृषणांना कामाला लावते. ही यंत्रणा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एकदा चालून शांत झालेली असते. म्हणजे ती तयारच असते. बालपणभर तिला कोणीतरी धरून ठेवतं.

कोण धरून ठेवतं, याचा एक धागा 2013 मध्ये हाती लागला. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांच्या 15 कुटुंबांपैकी 5 कुटुंबांत एमकेआरएन3 या जनुकात बिघाड सापडला. उंदरांच्या मेंदूत हे जनुक लहानपणी जोरात काम करतं आणि वयात येण्याच्या तोंडावर मंदावतं. ब्रेक सैल होतो, तसंच हे. शिवाय या जनुकाची आईकडून आलेली प्रत गप्प असते, वडिलांकडून आलेलीच बोलते. त्यामुळे बिघाड आपल्या आईकडून घेतलेला पुरुष वेळेवर वयात येतो, पण त्याची मुलं लवकर येऊ शकतात. ‘आईला पाळी कधी आली’ एवढंच विचारून म्हणूनच भागत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की मुलांच्या मेंदूतल्या पेशी तपासायच्या कशा? तपासता येतं ते रक्त, आणि रक्त म्हणजे मेंदू नव्हे. मुलींच्या रक्तातलं या जनुकाचं प्रथिन वयात येण्याआधी घटतं हे दिसलं आहे, पण मुली-मुलींत त्याचं प्रमाण इतकं वेगळं असतं, की एका आकड्यावरून निदान करता येत नाही. दुसरा आक्षेप, खरं कारण आहार आणि लठ्ठपणा असताना जनुकांना दोष का द्यावा? पण हे दोन्ही एकाच साखळीत आहेत. चरबीतून येणारं लेप्टिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, ती मुलं लठ्ठ असूनही आपोआप वयात येत नाहीत. लेप्टिन दिल्यावर येऊ लागतात. शरीराच्या पोषणाची खबर अशी मेंदूपर्यंत पोचते. जनुकांची हालचाल वाचणं म्हणजे नशीब वाचणं नव्हे.

मग उपयोग काय? सात वर्षांच्या मुलीत स्तनांची वाढ दिसली, तर ती कधी आपोआप थांबते, कधी झपाट्याने पुढे जाते. झपाट्याने पुढे गेली, तर हाडं लवकर पक्की होऊन उंची खुंटते. आज डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढतात, संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन पुन्हा पुन्हा रक्त घेतात आणि काही महिने वाट पाहतात. जनुकांच्या खुणा या तपासण्यांच्या जागी नव्हे, सोबतीला हव्यात. गरज नसलेल्या मुलीची वयात येणं थोपवणाऱ्या वर्षानुवर्षांच्या इंजेक्शनांतून सुटका व्हावी आणि गरज असलेलीचे मोलाचे महिने वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी.