सवय, सात्म्य आणि अवलंबित्व

सावनेर परिसरातील रुग्णास आम्ही 'व्यसन आहे का?' असे विचारतो, तेव्हा बहुधा 'नाही' हेच उत्तर येते. 'खर्रा किती?' असे विचारताच 'दिवसाला चार-पाच' असे कळते. खर्रा ही त्याच्या लेखी केवळ सवय असते. म्हणून शब्दांचे अर्थ आधी आपणच निश्चित केले पाहिजेत.

शार्ङ्गधराने भांग व अहिफेन यांस व्यवायी, सुपारीस विकाशी आणि सुरेस मदकारी म्हटले आहे. हे द्रव्यांचे वर्णन झाले. रुग्णाची अवस्था सांगणारे शब्द निराळे आहेत. अभ्यासाने अपथ्यही सोसू लागते, ते ओकसात्म्य. पूर्वीच्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते, ती सह्यता. द्रव्य थांबताच कंप, अनिद्रा, अस्वस्थता उद्भवते, ती विरतिलक्षणे. हानी दिसत असूनही सेवन आवरत नाही, ते अवलंबित्व.

चरकसंहितेत अपथ्य पादांशक्रमाने सोडण्यास सांगितले आहे, ते यासाठीच. दीर्घकाळ घेतलेले मद्य वा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. असा रुग्ण विनाविलंब रुग्णालयात पाठवावा. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. औषधी विक्रेत्यांनी ती ग्राहकास वाचून दाखवावी, ही विनंती.